आधी शाळा, मग मुक्ती : महात्मा जोतीराव फुले

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत एखादं चरित्र द्यावं असं ठरलं, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांचंच नाव आमच्या डोळ्यांपुढं आलं. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : तथागत बुद्ध, संत कबीर आणि महात्मा फुले. ११ एप्रिल आणि १४ एप्रिल या दोन्ही जयंत्या आपण एकाच आठवड्यात करतो. हार घालतो, मिरवणूक काढतो, खीर वाटतो. पण जोतीरावांनी काय केलं असं एखाद्या लेकराला विचारलं, तर मुलींची पहिली शाळा काढली एवढं सांगून ते थांबतं. ते खरंच आहे, पण अर्धंच आहे. महार-मांगांच्या लेकरांसाठी त्यांनी शाळा काढल्या, त्या कशा चालवल्या, कुठं अडल्या, आणि त्या शाळांचा आपल्या हिंगोलीच्या वस्त्यांशी काय संबंध, हे आपल्या घरांत सांगितलं जात नाही. ते सांगावं म्हणून हा लेख.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्यातला. मूळ घराणं सातारा भागातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा घराण्यात आला आणि लोक फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव. आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असतानाच गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्यांना आईच्या मायेनं वाढवलं. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असा तो काळ. थोडं शिकल्यावर वडिलांनी शाळा सोडवली आणि पोराला शेतात घातलं. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी मुलाची हुशारी पाहिली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या. म्हणजे त्यांचं स्वतःचं शिक्षण एकदा मोडून पुन्हा जुळलेलं होतं. एक मुसलमान, एक ख्रिस्ती आणि एक अशिक्षित सगुणाबाई, यांच्या पुढाकारानं. पुढं जन्मभर त्यांनी जे केलं त्याचं बीज आम्हांला इथंच दिसतं. शिकायची इच्छा लेकरात असते, पण घरच्यांना पटवणारं कुणीतरी लागतं.

१८४० साली नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या सावित्रीबाईंशी त्यांचं लग्न झालं. १८४७ ला शिक्षण पुरं झालं. त्याच सुमारास थॉमस पेन या लेखकाचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलं. दुसऱ्या वर्षी, १८४८ साली, एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालत होते. शूद्रानं बरोबरीनं चालावं हे काहींना सहन झालं नाही आणि तिथं त्यांचा अपमान झाला. असा अपमान पुष्कळांचा होत असे. माणूस घरी येऊन गप बसायचा. जोतीराव गप बसले नाहीत आणि भांडायलाही गेले नाहीत. आपल्याला, ज्याच्या वडिलांकडं चार पैसे आहेत त्याला, हे सोसावं लागतं तर आपल्या खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसांचं काय होत असेल, असा उलटा विचार त्यांनी केला. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीमाईंना त्यांनी घरीच शिकवलं होतं, त्या शिकवायला उभ्या राहिल्या.

पुण्याला हे खपलं नाही. शेण, चिखल, शिव्या. लोकांनी गोविंदरावांवर दबाव आणला आणि १८४९ साली बापानं लेकाला सुनेसकट घराबाहेर काढलं. मित्र उस्मान शेख यांनी आसरा दिला. शाळा काही काळ बंद पडली. पण १८५१ साली पुन्हा सुरू झाली आणि एकीच्या तीन झाल्या. सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर असे ब्राह्मण मित्रही बरोबर होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. जोतीरावांचा वाद ब्राह्मण्याशी होता, चांगल्या माणसाशी नव्हता.

आता मुख्य गोष्ट. १८५२ साली वेताळ पेठेत जोतीरावांनी महार-मांगांच्या लेकरांसाठी शाळा उघडली. १८५३ साली महार, मांग वगैरे लोकांना विद्या शिकवण्यासाठी म्हणून मंडळीच स्थापन केली. म्हणजे एका माणसाच्या जिवावर नको, संस्था पाहिजे, वर्गणी पाहिजे, हिशेब पाहिजे, हे त्यांना पंचविशीतच कळलं होतं. पोरं जमवायला लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार ही आपली माणसं वस्त्यांतून फिरली. शाळा काढणाऱ्याचं नाव राहतं, पोरांना हाताला धरून आणणाऱ्याचं राहत नाही. म्हणून ही दोन नावं लेकरांना जरूर सांगा.

त्या वेळी सरकारी शाळेत अस्पृश्याच्या पोराला घेत होते का? १८५६ सालची धारवाडची हकीकत सांगतो. तिथं एका महार मुलानं सरकारी शाळेत बसू द्या म्हणून अर्ज केला. सरकारनं कागदोपत्री विचार पुष्कळ केला, पण मुलाला काही वर्गात घेतलं नाही. एकासाठी बाकीची सगळी पोरं शाळा सोडतील, ही भीती. बाबासाहेबांनीही पुढं हे प्रकरण आपल्या लिखाणात मांडलं. जोतीरावांनी वेगळ्या शाळा का काढल्या, याचं उत्तर इथं आहे. वेगळं बसवणं त्यांना आवडत होतं म्हणून नव्हे. दार उघडायची वाट बघत बसलं असतं तर एक पिढी आणखी अडाणी गेली असती.

आता जरा दूरच्या देशाकडं पाहू. अमेरिकेत निग्रो लोक गुलाम होते. बाजारात त्यांची खरेदी-विक्री व्हायची. दक्षिणेकडच्या कितीतरी राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. मालकाला ठाऊक होतं, वाचता आलं की गुलाम हातात राहत नाही. मग तिथं यादवी युद्ध झालं. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि १८६५ ला राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामी बंद झाली. त्याच वर्षी मुक्त झालेल्या लोकांसाठी सरकारनं एक खातं उघडलं. उत्तरेकडून शिक्षक-शिक्षिका आल्या, जागोजागी शाळा निघाल्या. आजोबा अन् नातू एका बाकावर बसून मुळाक्षरं गिरवू लागले. गोऱ्यांतल्या दुष्टांनी कितीतरी शाळा जाळल्या, तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. गुलामीत जन्मलेला बुकर टी. वॉशिंग्टन हा मुलगा मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबला, शिकला, आणि १८८१ साली टस्कीगी इथं त्यानं आपल्या लोकांसाठी मोठी शाळा उभी केली.

ही साल नीट लावून बघा. अमेरिकेत १८६५ ला गुलामी सुटली आणि मग शाळा आल्या. पुण्यात जोतीरावांची शाळा १८५२ ची, म्हणजे तेरा वर्षं आधीची. आणि इथं मुक्ती कुठं झाली होती? १८४३ साली कंपनी सरकारनं गुलामीला कायद्याचा आधार देणं बंद केलं होतं म्हणतात, पण गावकुसाबाहेरच्या माणसाला त्याचा काय उपयोग? पाणवठा बंद, देऊळ बंद, शाळा बंद. त्याला कुणी बाजारात विकत नव्हतं, कारण तो सगळ्या गावाचाच फुकटचा नोकर होता. अस्पृश्यता कायद्यानं गेली ती २६ जानेवारी १९५० ला, बाबासाहेबांच्या संविधानातल्या सतराव्या कलमानं. तिथं आधी मुक्ती झाली आणि मागून शाळा आली. इथं आधी शाळा आली आणि तिच्यातून मुक्ती आणावी लागली. जोतीरावांचं मोठेपण आम्हांला यात दिसतं. सरकारी जाहीरनाम्याची वाट न पाहता त्यांनी पाटी-पेन्सिल हातात दिली.

शाळेनं काय घडतं ते तीनच वर्षांत दिसलं. मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. ज्या धर्माची पोथी आम्ही हातात घेऊ शकत नाही तो धर्म आमचा कसा, असा तिचा सवाल होता. इमारतींच्या पायात आपली माणसं पुरली जात, बाळंतपणात आपल्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे तिनं मांडलं. आणि शेवटी आपल्याच लोकांना बजावलं की या दुखण्यावर औषध एकच, शिका. तीन वर्षं शाळेत गेलेली पोर! शतकानुशतकं ज्यांच्याबद्दल दुसरेच बोलत होते, त्यांच्यातली एक मुलगी स्वतःच्या तोंडानं बोलली. जोतीरावांच्या शाळेचा निकाल कुणाला बघायचा असेल तर त्यानं टक्केवारी विचारू नये, मुक्ताचं नाव घ्यावं.

१८५५ लाच जोतीराव आणि सावित्रीमाईंनी आपल्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणारे कष्टकरी दिवे लागल्यावर शिकायला येत. १८५६ साली जोतीरावांना ठार करायला रात्री दोन मारेकरी घरात आले, एक रोडे आणि दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. पैशासाठी आलेली गरीब माणसं. जोतीराव त्यांच्याशी शांतपणे बोलले. दोघांनी हत्यारं टाकली. एक त्यांचा राखणदार झाला. धोंडीराम रात्रीच्या शाळेत शिकला आणि पुढं सत्यशोधक समाजाचा पंडित म्हणून नावारूपाला आला. अंगुलिमालाची गोष्ट आपण विहारात ऐकतो. ही पुण्यातली, पावणेदोनशे वर्षांच्या आतली.

पण सगळं गोडच झालं असं नाही. शाळा पैशावर चालते. सरकारच्या दक्षिणा फंडातून थोडी मदत मिळे, काही युरोपियन आणि काही देशी लोक वर्गणी देत. १८५७ च्या उठावानंतर साहेब लोकांची वर्गणी आटली. मंडळीत मतभेदही होते. कितपत शिकवावं, नुसतं लिहिणं-वाचणं पुरे की वरचं शिक्षण, यावर जोतीरावांचं आणि सोबत्यांचं पटेना. १८५८ च्या सुमारास ते शाळांच्या कारभारातून बाजूला झाले. मुलींच्या शाळा पुढं सरकारी शिक्षण खात्याकडं गेल्या.

म्हणून काम थांबलं नाही. १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी आपल्या घरात आसरा दिला. तिथंच जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं आणि डॉक्टर केलं. १८६८ ला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा अजून एकोणसाठ वर्षं होती. १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवायला स्वतः झीज सोसली. आपल्या देशातल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा आणि शूद्र-अतिशूद्रांना सोडवावं, ही त्यामागची आशा. पुण्यातला एक माळी समुद्रापलीकडच्या गुलामांची मुक्ती आपली मानतो! त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी लेकरांना जेवू घातलं. शाळा आणि पोट ही दोन वेगळी खाती नाहीत, हे ते जाणून होते.

१८८२ साली हिंदुस्थानातल्या शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन आलं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्याच्यापुढं आपलं निवेदन ठेवलं. आम्हांला वाटतं, हे निवेदन म्हणजे तीस वर्षांच्या अनुभवाचा अर्क आहे. सरकारचा सारा पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या पोरांवर, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो कष्टकरी जातींतले आणि चांगले शिकवून तयार केलेले नेमा, त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, मोठ्या गावी पंधरा-वीस द्या, म्हणजे चांगला माणूस टिकेल. मोडी अन् बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान द्या. मागास वर्गातल्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या. जिथं महार-मांगांना वर्गात बसू देत नाहीत तिथं त्यांच्यासाठी शाळा काढा. आणि हे सगळं सांगताना आपणच काढलेल्या महार-मांगांच्या शाळेची अवस्था चांगली नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आपल्या संस्थेची बढाई मारायला कमिशन ही सोन्यासारखी जागा होती. जोतीरावांनी खरं काय ते सांगितलं.

सक्तीच्या शिक्षणाची ती मागणी मान्य व्हायला किती वर्षं लागली? सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्यात आला २००९ साली. १८८२ पासून मोजा, १२७ वर्षं.

११ मे १८८८ ला मुंबईत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघातानं उजवं अंग गेलं. तरी डाव्या हातानं लिहून सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक त्यांनी पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी देह ठेवला. सावित्रीमाई पुढं सात वर्षं काम करत राहिल्या. प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला उचलून दवाखान्यात आणताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या लेकरांना शिकवलं, त्यांच्यातल्याच एकासाठी जीव दिला.

जोतीराव गेले त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १४ एप्रिल १८९१ ला, महू इथं भीमराव जन्मले. दोघांची भेट नाही. पण बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. नुसता ग्रंथच अर्पण करून थांबले नाहीत. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडलं.

आणि आपल्या मराठवाड्याचं काय? आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. हिंगोलीला फौजेची छावणी होती, पण वस्तीत अक्षर नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटला आणि १९५० साली बाबासाहेबांनी त्या वेळच्या औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद म्हणून नावाजलं. परभणी, नांदेड, बीड, सगळीकडून आपली पोरं वळकटी घेऊन नागसेनवनात पोचली. वेताळ पेठेतली शाळा १८५२ ची, मिलिंद १९५० चं. पुण्याहून मराठवाड्यात यायला त्या दिव्याला ९८ वर्षं लागली. आपल्या भागातले पहिले मास्तर, पहिले कारकून, पहिले वकील कुठं शिकले हे आपापल्या घरी विचारून बघा. पुष्कळांचं उत्तर मिलिंद हेच येईल.

१९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला आणि आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. सोळा वर्षं लढल्यावर १४ जानेवारी १९९४ ला ते नाव लागलं. अमेरिकेत मुक्त झालेल्यांच्या शाळा जाळल्या, इथं विद्यापीठाच्या नावासाठी घरं जाळली. शिकलेल्या माणसाची भीती सगळीकडं सारखीच असते, हे यावरून लक्षात यावं.

बंधू-भगिनींनो, हे सगळं मागचं झालं. आज काय? दिवाळी झाली की ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या मायबापांबरोबर लेकरंही गाडीत बसतात आणि शाळा मागं राहते. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या, दुसरीकडं मिसळायच्या गोष्टी निघतात. सातवी-आठवीनंतर लांबच्या शाळेला जायचं म्हटलं की आधी मुलीचं नाव कमी होतं. जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं जे मांडलं, त्यातला मुद्दा न् मुद्दा आपल्या गल्लीत अजून जिवंत आहे. चांगला शिक्षक, हातात थोडा पैसा, जवळ शाळा आणि घरच्यांना पटवणारं माणूस.

पहिल्या तिन्ही गोष्टींसाठी सरकारशी भांडावं लागेल, ते भांडूच. चौथी गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. लहुजी वस्ताद आणि राणबा यांनी सरकारची वाट पाहिली नव्हती, ते दारोदार गेले होते. आपल्या विहाराची जागा संध्याकाळी रिकामी असते. तिथं दिवा लागावा, सतरंजी पडावी, शिकलेल्या पोरा-पोरींनी आठवड्यातले दोन दिवस द्यावेत. कामाला बाहेरगावी जाणाऱ्या घरानं आपलं लेकरू मावशी-आत्याकडं ठेवावं आणि शेजाऱ्यांनी त्याच्या ताटाची काळजी घ्यावी. कुणाची शाळा सुटली हे वस्तीत आधी आपल्याला कळलं पाहिजे, मास्तरला नंतर. ११ एप्रिलला हार घालताना या वर्षी किती लेकरांची शाळा सुटता सुटता वाचली, तेवढं मोजलं तरी जोतीरावांना खरं अभिवादन होईल.

नमो बुद्धाय! जय जोती! जय भीम!